पायमशीन चालते, पाय चालत नाही : ताईच्या अकरा आठवड्यांची केस

ही केस माझ्या मोठ्या बहिणीची आहे, फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर नावाच्या आजाराची, आणि थेरपीची तारीख येईपर्यंतच्या अकरा आठवड्यांत आम्ही घरी काय केलं त्याची, तिला विचारूनच लिहितोय. नाव टाकू नको आणि कोणत्या गल्लीत राहते ते टाकू नको एवढंच म्हणाली, बाकी सगळं लिही म्हणाली, कारण जानेवारीत आम्ही रात्र रात्र मोबाईलवर शोधत होतो तेव्हा मराठीत आमच्या कामाचं फारसं काही हाती लागलं नव्हतं. तर ताई, वय ३८, नागपुरात मानेवाड्याकडे घर, घरीच शिलाईचं काम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत हाताखाली एक पोरगी ठेवते. घरात भाऊजी, सासूबाई आणि नववीतली माझी भाची. मी तिचा लहान भाऊ, औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना कंपनीच्या औषधांची माहिती देत फिरणारा, धंतोली-रामदासपेठच्या दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये ज्याचं निम्मं आयुष्य बसून गेलं तो. माझ्या बॅगेत मिर्गीच्या गोळीचं लिटरेचर असतं हे आधीच सांगून टाकतो, पुढे त्याचा संबंध येतोच.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. चौकाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, गिट्टीवरून स्कूटी घसरली आणि ताई उजव्या बाजूला पडली. गुडघा खरचटला, टिटॅनसचं इंजेक्शन झालं, घरी येऊन तिने स्वयंपाकसुद्धा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि म्हणाली, "उजवा पाय माझा नाहीच असं वाटून राहिलं." चालायला लागली तर पाय मागून फरफटत येत होता, पोतं ओढावं तसा. आम्ही घाबरलो, लकवा असेल म्हणून सरळ कॅज्युअल्टीत नेलं, आणि ते बरोबरच केलं, असं अचानक झालं तर कोणीही आधी तेच करावं. सीटी झाला, मग मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर फाईल बंद करत म्हणाले, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." ताई गाडीत बसल्यावर म्हणाली की काही झालेलं नाही तर मग हा पाय कोणाचा आहे.

डिसेंबरात फिट आली. स्वयंपाकघरात, दुपारी. हातपाय झटकत होती, मान इकडून तिकडे, डोळे घट्ट मिटलेले, आणि हे बारा-तेरा मिनिटं चाललं. शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, कोणीतरी कांदा फोडला, एकाने दातात चमचा घालायचा प्रयत्न केला (हे कधीच करायचं नाही, कोणत्याही फिटमध्ये नाही, दात तुटतो नाहीतर बोट जातं). दवाखान्यात मिर्गी समजून लेव्हेटिरासिटाम सुरू झालं. आता ही गोळी मला पाठ आहे, कोणता डोस, कोणता ब्रँड, कोणत्या डॉक्टरला काय सांगायचं, सगळं पाठ. मी उलट खूश झालो की चला, निदान औषध तरी कळलं. दीड महिन्यात डोस दुप्पट झाला आणि फिट आठवड्याला दोनवरून पाचवर गेल्या, वर ताई सारखी चिडचिड करायला लागली, ती तर त्या गोळीची ठरलेली तक्रार आहे, मीच डॉक्टरांना सांगत आलोय की पेशंटला आधी कल्पना देऊन ठेवा सर. स्वतःच्या बहिणीला कल्पना द्यायचं मला सुचलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ओळखीने दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी मोबाईलवरचा व्हिडिओ पाहिला. घरी फिट आली तर एकदा तरी व्हिडिओ काढून ठेवा, चेहरा आणि डोळे दिसतील असा, कारण डॉक्टरसमोर फिट येईलच असं नाही. डोळे घट्ट मिटलेले, मान दोन्हीकडे हलतेय, मध्येच थांबून पुन्हा सुरू होतंय, इतका वेळ चालतंय, हे पाहून ते म्हणाले की हे मिर्गीसारखं वाटत नाही, पण मी नुसत्या व्हिडिओवरून ठरवणार नाही. मग पायाकडे वळले.

ताईला उताणं झोपवलं, उजव्या टाचेखाली स्वतःचा तळहात ठेवला आणि म्हणाले, टाच खाली दाबा. ताईने जीव तोडून दाबली, डॉक्टर म्हणाले काहीच जोर येत नाही. मग मला बोलावलं, माझा हात टाचेखाली ठेवायला लावला, आणि ताईला म्हणाले, आता उजवा पाय विसरून जा, डावा पाय वर उचला, मी वरून दाबून धरतो, तुम्ही जोर लावा. तिने डावा उचलायला जोर लावला आणि माझा हात गादीत चेपला गेला. उजव्या टाचेने. ज्या टाचेत दोन मिनिटांपूर्वी जीव नव्हता तिने.

याला हूवर्स साइन म्हणतात, चार्ल्स फ्रँकलिन हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९०८ साली लिहून ठेवलेली खूण आहे. एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली दाबला जातो, सगळ्यांचाच, ते आपण ठरवून करत नाही. ताईचा पाय ठरवून दाबायला गेलं की येत नव्हता, न ठरवता येत होता. म्हणजे नस शाबूत, स्नायू शाबूत, मेंदूपासून पायापर्यंतची वायर शाबूत, फक्त "मी करते" म्हटलं की आदेश मध्येच अडकतो. डॉक्टर म्हणाले, हे फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर आहे, आणि मी हे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून म्हणत नाहीये, ही खूण मिळाली म्हणून म्हणतोय. हा फरक मला फार मोठा वाटला. आधीचे म्हणत होते काही सापडलं नाही, हे म्हणत होते हे बघा, हे सापडलं.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ ईईजी केला (मेंदूच्या लहरी आणि पेशंटचा व्हिडिओ एकाच वेळी रेकॉर्ड करतात), नशिबाने त्यातच एक फिट आली, फिट चालू असताना मेंदूच्या लहरींमध्ये मिर्गीची कसलीच गडबड नव्हती. मग त्यांनी लेव्हेटिरासिटाम हळूहळू उतरवत नेऊन बंद केली. हे डॉक्टरनेच करायचं काम आहे, घरी वाचून कोणी स्वतः बंद करू नका, काही लोकांना मिर्गी आणि ह्या फिट दोन्ही असतात.

निदान झालं, आणि उपचार? मानसशास्त्रज्ञाकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलून करायची थेरपी, आणि जोडीला ह्या आजाराची माहिती असलेला फिजिओ. डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची तारीख मिळाली एप्रिलच्या मध्यातली, अकरा आठवडे. फिजिओचे आधी दोघे करून झाले होते, एकाने पायाला करंट लावला, दुसऱ्याने वजन बांधून व्यायाम दिले, पण स्नायू अशक्त नाहीच तर त्याला ताकद देऊन काय होणार. तिसऱ्या मॅडम मिळाल्या ज्यांना हे माहीत होतं, त्यांच्याकडे महिन्यातून दोनदाच जागा. म्हणजे अकरा आठवडे आमचे आम्ही.

घरात काय झालं

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर ताई ढसाढसा रडली, बरं वाटल्यामुळे. तो आनंद घरापर्यंत टिकला. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे आजार नाही ना?" सासूबाई म्हणाल्या, "मंग हे मनाचंच हाय म्हणा की." आमच्या आईचा फोन, कशाचं टेन्शन घेतलंस गं, जावई काही बोलले का. प्रत्येक जण कारण शोधायला लागला आणि जो तो आपल्या सोयीचं कारण शोधत होता.

त्यांना मी जमेल तसं सांगितलं. ह्या आजाराला पूर्वी हिस्टेरिया म्हणायचे, पॅरिसमध्ये शार्को नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ह्याच्यावर खूप काम केलं, फ्रॉईडने त्याच्याकडे शिकून नंतर मनातल्या दुःखाचं शरीरात रूपांतर होतं असं मांडलं, म्हणून कन्व्हर्जन असं नाव पडलं. पण २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं डीएसएम-५ हे जे निदानाचं पुस्तक आलं त्यात हे निदान करायला मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली आणि हूवरसारख्या तपासणीतल्या खुणांवर भर दिला. ताण असू शकतो, नसूही शकतो. पुष्कळांना पडणं, दुखापत, ताप, मायग्रेन अशा शरीराच्याच गोष्टीनंतर सुरू होतं. ताईला स्कूटीवरून पडल्यावर झालं. आता सांगा यात जावई कुठे आले.

आईला पटलं, सासूबाईंना नाही पटलं. आणि मग पायमशीनचा दिवस आला.

निदानानंतरचा दुसरा आठवडा असेल. ताईची रोजची मशीन मोटारवाली, तिचा कंट्रोल उजव्या पायाखाली, त्यामुळे ती नोव्हेंबरपासून बंदच होती, हाताने काजं-बटणं आणि हेमिंग एवढंच करायची. त्या संध्याकाळी लाईट गेली, एक गिऱ्हाईक दारात, हळदीला जायचंय, ब्लाऊजची एक बाजू उसवलेली. ताई वैतागून सासूबाईंच्या जुन्या काळ्या पायमशीनवर बसली आणि टॉर्चच्या उजेडात शिवायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मशीन खडखड चालू आहे, दोन्ही पाय झुल्यासारखे वरखाली. तेवढ्यात भाची ओरडली, "मम्मी! तुझा पाय चालून राहिला!" ताईने खाली पाहिलं, आणि पाय थांबला. तिथल्या तिथे. परत हलेचना.

झालं. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. "पाह्य बाप्पा, मशीन चालते अन् चालणं नाई चालत. काहून वं, कामाच्या टायमाले बरोबर येते न पाय." भाऊजी काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा बोलत होता. त्या रात्री ताईला दोन फिट आल्या.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं, मला वाटलं तेही म्हणतील बघू बघू काय आहे ते. ते तर खूश झाले. म्हणाले, अहो हीच तर खूण आहे, त्या दिवशी टाचेवर दाखवली तीच घरी मशीनवर दिसली, लक्ष ब्लाऊजच्या शिवणीवर होतं तेव्हा पाय आपोआप चालला, लक्ष पायावर गेलं आणि बंद पडला. नाटक करणारा माणूस सगळ्यांसमोर पाय चालवून दाखवेल का?

ह्या एका वाक्यावर आमचं घर फिरलं, म्हणजे लगेच नाही, पण फिरलं. मी घरी सगळ्यांना एक प्रयोग करायला लावला. जिना उतरा आणि प्रत्येक पायरीला मनात म्हणा, आता गुडघा वाकव, आता टाच टेक, आता वजन टाक. भाऊजी तिसऱ्याच पायरीला अडखळले. चालणं हे न बघता करायचं काम आहे. ह्या आजारात मेंदूने "हा पाय जड आहे" असा एक अंदाज धरून ठेवलेला असतो आणि माणूस जितकं पायाकडे लक्ष देईल तितका तो अंदाज घट्ट होतो, अशी समजूत संशोधक सांगतात. डॉक्टर लोक संगणकाचं उदाहरण देतात, हार्डवेअर ठीक, सॉफ्टवेअरमध्ये गडबड. ताईने त्याहून चांगलं उदाहरण काढलं. ती सासूबाईंना म्हणाली, "आई, मशीन खराब नाही, सुई नाही, बॉबिन नाही, दोऱ्याचं टेन्शन बिघडलंय, म्हणून खालून लूप पडून राहिले." शिवणाऱ्या बाईला ते बरोबर कळलं. तोपर्यंत सगळे तिला टेन्शन घेऊ नको म्हणत होते, तिने त्याच शब्दाने सगळ्यांचं तोंड बंद केलं.

मग आम्ही पाहणं बंद केलं

हा ह्या केसचा खरा भाग आहे. लक्ष दिल्याने बिघडत असेल तर घरात लक्ष देणारे किती आहेत ते मोजलं. सासूबाई दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर फिट लिहायच्या, तारीख, वेळ, किती मिनिटं. भाऊजी ती बाथरूमला निघाली की दारापर्यंत मागे. भाची शाळेतून आली की पहिला प्रश्न, मम्मी आज आली का. मी रोज सकाळी नऊला व्हॉट्सॲपवर "आज पाय कसा?" आणि फिट आली की व्हिडिओ, डॉक्टरने एकदा पाहिला तरी पुढचे अकरा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होते, कशासाठी देव जाणे. प्रेमानेच सगळं, पण चोवीस तास त्या बाईच्या पायावर आठ डोळे, आणि तिचे स्वतःचे दोन वेगळे.

एका रविवारी जेवताना बसून ठरवलं. वही बंद. फिट आली तर भाऊजींनी फक्त सुरू झाल्याची वेळ घड्याळात बघायची, बाकी कोणी धावायचं नाही. बाथरूमची आतली कडी लावायची नाही, आम्ही बाहेर उभेही राहायचं नाही. मी पाय विचारणार नाही, ब्लाऊजचा नवीन गळा शिवला तर त्याचा फोटो मागणार. व्हिडिओ मी सगळ्यांसमोर डिलीट केले, ताईने हात जोडले. सगळ्यात अवघड सासूबाईंना गेलं, त्या म्हणायच्या, "पायाचं नाई विचारू त मंग काय विचारू पोरीले?" आठवडाभर दोघी गप्पच होत्या, मग हळूहळू भाव, भाजी, शेजारच्या सुनेची गोष्ट सुरू झाली.

वही बंद करायला मला एका अभ्यासानेही बळ दिलं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ३६८ लोकांवर ह्याच प्रकारच्या फिटसाठी सीबीटीची मोठी ट्रायल झाली, कोड्स नावाची, २०२० मध्ये छापून आली. मी मोठ्या आशेने उघडली तर मुख्य निकाल असा की वर्षभरानंतर महिन्याच्या फिटची संख्या सीबीटी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फारशी वेगळी नव्हती. मी हादरलोच, आम्ही ज्या तारखेची वाट पाहतोय तिचं हे असं. मग पुढे वाचलं. सीबीटीवाल्यांचं रोजचं जगणं सुधारलं होतं, फिटचा त्रास कमी वाटत होता, फिट न येता सलग जास्त दिवस जात होते. म्हणजे नुसती संख्या धरून बसलं तर जे सुधारतंय ते दिसणारच नाही, आणि आमची वही तर नुसत्या संख्येचीच होती.

पाहणं बंद म्हणजे दुर्लक्ष नाही हेही लिहायला पाहिजे, कारण एक काका लगेच म्हणाले, मग पडू द्या तिला, आपोआप उठेल. असं नाही. फिट येण्याआधी ताईचे कान भरून यायचे आणि हाताला मुंग्या, साधारण एक मिनिट आधी. ते मिनिट कामाचं. ती जिथे असेल तिथे खाली बसायची, गॅसजवळ असेल तर गॅस बंद. मग एक संत्रं सोलायची. सीझन होताच, मृग बहाराची संत्री घरी पडलेलीच असतात, साल नखाने फोडायची, वास घ्यायचा, किती फोडी आहेत त्या बोटाने मोजायच्या. बाहेरच्या खऱ्या गोष्टींना धरून राहायचं हे तंत्र आहे, फिजिओ मॅडमनी सांगितलं होतं की पाच गोष्टी बघा, चार गोष्टींना हात लावा वगैरे, ताईने त्याचं संत्र्यात केलं. कधी थांबायची फिट, कधी नाही थांबायची. नाही थांबली तर डोक्याखाली उशी, आजूबाजूचं सामान बाजूला, तिचे डोळे जबरदस्तीने उघडायचे नाहीत, हात धरायचे नाहीत, एकाने हळू आवाजात सांगायचं की तू घरी आहेस, होऊन जाईल. चप्पल-कांदा बंद (काकू आजही नाराज आहेत). आणि डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: रोजच्यापेक्षा वेगळं काही झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, पडून डोक्याला लागलं, श्वास नीट दिसत नाही, तर हे फंक्शनलच असेल म्हणून बसून राहू नका, १०८ लावा. एक निदान झालं म्हणजे दुसरा आजार होत नाही असं नाही.

चालण्याचं आम्ही जे जे केलं त्यातलं निम्मं फसलं. भाऊजींनी वॉकर आणला, ताई त्यावर सगळं वजन टाकायला लागली, खांदा दुखायला लागला आणि पाय आणखीच मागे राहिला, मॅडमनी तो तात्पुरता माळ्यावर ठेवायला लावला (ज्यांना पडायचा खरा धोका आहे त्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये). मग त्यांनी गच्चीवर उलटं चालायला लावलं. सरळ चालताना फरफटणारा पाय उलटं चालताना ठीक पडत होता, आम्ही सगळे बघतच राहिलो, आणि बघत राहिलो म्हणून अर्थातच तो पुन्हा फरफटला. मग गच्चीवर तिला एकटं सोडलं. आडवं चालणं, गरब्याची स्टेप, सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या टाळांच्या ठेक्यावर चालणं. ठेका सर्वात लागू पडला, पायमशीनसारखाच. तिने पायमशीनवरच जास्त काम घ्यायला सुरुवात केली, समोर मोबाईलवर मालिका लावून, म्हणजे पायाची आठवणच नको.

त्यातच मोठी चूक झाली. मार्चमध्ये एक दिवस पाय इतका छान चालला की तिने लग्नाच्या घरचे चौदा ब्लाऊज एकदम घेतले आणि रात्री दीडपर्यंत बसली. पुढचे तीन दिवस अंथरुणात, फिट वेगळ्या. चांगल्या दिवशी सगळं उरकून टाकायचं आणि मग कोसळायचं, हे ह्या आजारात फार जणांचं होतं. मग मोबाईलला अलार्म, वीस मिनिटं मशीन, दहा मिनिटं आराम, पाय चांगला असला तरी तेवढंच आणि वाईट असला तरी थोडं तरी. दुसरा भाग तिला जास्त जड गेला. एप्रिल लागल्यावर दुपारी एक ते पाच काम बंदच, आमच्याकडे तेव्हा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, कूलर नुसती गरम हवा फेकतो, अशात धडधाकट माणूस थकतो.

बाबा-बुवाचंही झालं. एका नातेवाईकाने सुचवलं की अंगातलं काढणारा एक माणूस आहे, मारतो थोडं पण गुण येतो. मी त्यांना सांगितलं की २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे महाराष्ट्रात, भूत काढतो म्हणून माणसाला मारणं गुन्हा आहे, पुढची पायरी पोलीस स्टेशनची असेल. सासूबाईंनी मात्र लिंबू उतरवून टाकलं, त्याला मी काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तान्ह्या पोळ्याले मारबतीसंगं धाडून देऊ हे पिडा, तोवर करा तुमचं." (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिडा घेऊन जा म्हणत मिरवणुकीने नेतात तो पुतळा.) बरं, करतो.

एक रात्र वाईट होती. होळीच्या आसपास. ताईने मला फोन केला आणि म्हणाली, असं किती दिवस, मी नसते तर बरं झालं असतं. मी गाडी काढून निघालो आणि निघताना भाऊजींना सांगितलं की तिच्याजवळ बसा आणि १४४१६ लावा. ही टेली मानस, सरकारची फुकट हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिकडच्या बाईंना फंक्शनल वगैरे समजावत बसायची गरज पडली नाही, त्या पाऊण तास ताईशी बोलल्या, झोप, जेवण, एकटी आहेस का, घरात गोळ्या कुठे ठेवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्टना कळवलं, त्यांनी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, उदासीची गोळी सुरू झाली. थेरपीची तारीख लांब आहे म्हणून हे सुद्धा त्या तारखेपर्यंत ताटकळत ठेवायचं असं आमच्या डोक्यात बसलं होतं, ते चुकीचं होतं. उदासीचा उपचार रांगेबाहेर लगेच मिळू शकतो आणि मागायला पाहिजे.

एप्रिलमध्ये

तारीख आली तेव्हा स्थिती अशी. ताई घरात चालते, सकाळी बरं, दुपारनंतर पाय फरफटतो. स्कूटी बंद आहे, डॉक्टरांनीच बंद केली आहे. पायमशीनवर दिवसाला दोन ब्लाऊज, मोटारवाली अजून जमत नाही, उजवा पाय एकटाच दाबायचा म्हटलं की त्याला आठवतं. फिट येतात.

थेरपिस्टकडे मी, ताई आणि हट्ट करून आलेल्या सासूबाई असे तिघं गेलो. त्यांनी फॉर्म भरायला दिला, त्यात मागच्या महिन्यात किती वेळा असा रकाना होता. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून ती दुधाची वही काढली, मला वाटलं झालं, ही बाई चोरून लिहीत होती. मागचं पान उघडलं तर तिथे गिऱ्हाइकांची नावं, ब्लाऊजची मापं आणि उधारी, त्यांच्या वाकड्या अक्षरात.

"फिटा मोजणं सोडलं जी आम्ही," त्या म्हणाल्या. "हे चालते का?"

थेरपिस्ट हसल्या आणि त्या रकान्यात अंदाजे म्हणून काहीतरी लिहिलं. पुढची तारीख दर बुधवारी सकाळी अकरा वाजताची मिळाली आहे, सध्या बारा वेळा.